आम्ही औषध मागतो आहोत : तुंगार्लीतून एक जाहीरनामा

आम्ही मावळातल्या, लोणावळा परिसरातल्या तुंगार्ली, वळवण, खंडाळा, वरसोली, कार्ले, कामशेत इथले दुखणेकरी आणि त्यांची घरची माणसं. कुणाला संधिवात आहे, कुणाला ल्युपस, कुणाचा मणका अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसने आखडत चालला आहे, कुणाला आतड्याच्या क्रोन आजाराने जेरीस आणलं आहे. आमची मागणी एका वाक्यात मावते. भांग-गांजाच्या झाडापासून काढलेलं, प्रयोगशाळेत तपासलेलं, मात्रा ठरवलेलं औषध ज्या रुग्णाला त्याची गरज आहे त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानात, पावतीसह मिळालं पाहिजे. चिठ्ठी, दुकान आणि पावती. या तीन गोष्टींसाठी ही चळवळ आज सुरू होत आहे.

लोणावळ्याचं नाव आणि गांजाचं नाव एका वाक्यात आलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शनिवारची रात्र येते : भाड्याचा बंगला, मोठ्याने लावलेली गाणी, पोलिसांची धाड आणि सकाळच्या पेपरातली बातमी. त्या बंगल्यांत पाहुणे येतात तेव्हा आमच्यातल्या काही बाया तिथे स्वयंपाकाला असतात, काही पुरुष बागेला पाणी घालत असतात. एकीची सकाळ सांगतो. तिला साडेसातला बंगल्यावर कणीक तिंबायची असते. त्यासाठी ती पाचला उठते आणि पातेल्यातल्या गरम पाण्यात दोन्ही हात धरून बसते, कारण झोपेतून उठल्यावर बोटं वळतच नाहीत. नळाची तोटी तिला तळहाताच्या कडेने ढकलावी लागते. ब्लाऊजचे हुक मुलगी लावून देते आणि कुकरचं झाकण शाळेला निघण्याआधी उघडून ठेवते. घराबाहेर हे कुणाला दिसत नाही, कारण ती वेळेवर कामाला येते. जुलै-ऑगस्टमध्ये, भिंतींना ओल येते आणि अंथरूण दमट लागतं तेव्हा, आमच्यातल्या बहुतेकांचे सांधे जास्त दुखतात. पावसाचा आणि सांधेदुखीचा संबंध किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. आम्ही आमचा अनुभव सांगतो.

हे दुखणं चार-दोघांचं नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला, १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन पाहणी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमातली भारतातली ही महत्त्वाची पाहणी. गावातल्या दर शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जणांना हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं असल्याचं तिच्यात आढळलं. ऱ्हुमॅटॉइड संधिवात हजारी पाचजणांना. हजारी पाच हा आकडा लहान वाटतो, पण तो मावळातल्या गावांना लावून पाहा. प्रत्येक मोठ्या गावात अशी काही घरं तरी निघतील, आणि त्या घरांत आजारी असणारी व्यक्ती बहुधा बाई असेल, कारण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक होतो.

या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. तिला आवरायला मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन ही औषधं आहेत आणि ती घेतलीच पाहिजेत. योग्य वेळी सुरू केलेल्या मेथोट्रेक्सेटने आमच्यातल्या काहींचे सांधे वाचवले आहेत. पण आजार आटोक्यात आला, रक्तातली दाहाची खूण, सीआरपी, खाली आली, तरी काहींचं दुखणं उरतंच. वर्षानुवर्षं वेदनेचे निरोप वाहून नसांना तीच सवय लागते. सूज ओसरते आणि ठणका मागे राहतो. तपासणीत रिपोर्ट चांगला आला म्हणून डॉक्टर समाधानी असतात, आणि समोरचा रुग्ण रात्रभर जागा असतो.

या उरलेल्या दुखण्यासाठी आमच्यापुढे आज काय आहे? डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, ज्या रोज घेतल्या की जठर सोलवटतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. स्टेरॉइड, ज्याने चार दिवस बरं वाटतं आणि चार वर्षांत हाडं ठिसूळ होतात. ट्रॅमाडॉल, जे एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि तेव्हापासून अनेक दुकानदार ते ठेवायलाच राजी नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाजारातल्या बिननावाच्या पुड्या, ‘संधिवात मुळापासून जाईल’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, हे तपासण्यांत वारंवार उघड झालं आहे. पहिल्या आठवड्यात चमत्कार होतो. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि पुडी बंद केली की माणूस अंथरुणाला खिळतो. वेदनेने गांजलेला माणूस कुठे ना कुठे जातोच. सरळ रस्ता बंद ठेवला की तो असल्या पुड्यांकडे किंवा अंधारातल्या विक्रेत्याकडे जातो, आणि तिथे त्याच्या हाती काय पडतं हे कुणीच तपासत नाही.

आता भांग-गांजाच्या झाडाबद्दल, म्हणजे कॅनाबिसबद्दल. कॅनाबिस संधिवात बरा करतं असा दावा ही चळवळ करत नाही आणि तो करणाऱ्याला आमच्यात जागा नाही. सांध्याची झीज ते थांबवतं याचा पुरावा नाही. पुरावा आहे तो दुखणं आणि झोप यांबद्दल, आणि तोही मर्यादित. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी या झाडातलं मुख्य द्रव्य, टीएचसी, वेगळं काढलं. पुढे कळलं की आपल्या मेंदूत, मज्जारज्जूत आणि रोगप्रतिकारक पेशींवरही या द्रव्यांना प्रतिसाद देणारे ग्राही असतात, आणि शरीर स्वतःही तशीच द्रव्यं तयार करतं. दुखण्याचे निरोप मंद करण्याचं काम त्यांच्याकडे असतं. टीएचसी नशा आणतं, झाडातलंच दुसरं द्रव्य, सीबीडी, आणत नाही. दोघांचं प्रमाण किती यावर औषधाचा बराचसा परिणाम ठरतो.

ब्रिटनमध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ५८ रुग्णांवर झालेली एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना टीएचसी आणि सीबीडी सम प्रमाणात असलेला तोंडात मारायचा फवारा दिला, काहींना तसाच दिसणारा निष्क्रिय फवारा. पाच आठवड्यांनी खऱ्या फवाऱ्याच्या गटात हालचाल करतानाचं दुखणं कमी झालं, बसल्या जागचं दुखणं कमी झालं, झोप सुधारली. सकाळच्या आखडण्यावर मात्र फरक दिसला नाही. हा अभ्यास लहान होता. क्रोनबाबत इस्रायलमध्ये २१ रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनाबिस घेणाऱ्या बहुतेकांचा त्रास कमी झाला, भूक आणि झोप सुधारली, पण रक्तातल्या दाहाच्या खुणा हलल्या नाहीत. हे वाक्य आमच्या प्रत्येक सदस्याने पाठ करावं असं आम्हाला वाटतं : बरं वाटणं आणि आजार कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरं वाटलं म्हणून जो मूळ औषध सोडतो, त्याचं आतडं किंवा सांधा आत झिजतच राहतो.

मोठ्या संस्थांचंही यावर एकमत नाही, आणि आम्ही सोयीचं तेवढंच सांगणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन दुखण्यावर कॅनाबिसचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा असल्याचं म्हटलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये दीर्घकालीन दुखण्यासाठी ते देऊ नये असा सल्ला दिला. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञ गटाने मधली वाट काढली : नेहमीचे उपचार पुरे पडत नसतील तर धूर किंवा वाफ ओढणं वगळून इतर मार्गांनी करून पाहायला हरकत नाही, मात्र फायदा थोड्यांना आणि थोडा होतो हे रुग्णाला आधी सांगावं. आम्ही याच वाक्यावर उभे आहोत. थोड्यांना, थोडा. पण ज्या बाईला रात्री चार तास सलग झोप लागली तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर जाता येतं, तिच्या लेखी तो ‘थोडा’ फायदा महिन्याच्या पगाराएवढा असतो.

हे झाड परदेशातून आलेलं फॅडही नाही. भावप्रकाशात भांगेचे गुणदोष आहेत, आणि जातिफलादि चूर्ण आजही तिच्यासकट बनतं. १८३९ मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने देशी वैद्य-हकिमांकडून माहिती घेऊन, आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर, गांजाच्या अर्काचे प्रयोग नोंदवले. त्याच्या पहिल्या रुग्णांमध्ये संधिवाताचे रुग्ण होते. पुढे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगाने हजारावर साक्षी नोंदवून, मुंबई इलाख्यातल्याही, असा निष्कर्ष काढला की बेताच्या वापराने फारसं नुकसान होत नाही, अतिरेकाने होतं, आणि सरसकट बंदी अनावश्यक आहे. मात्र जुनं आहे म्हणून खरं, हा युक्तिवाद आम्ही करत नाही. जुन्या ग्रंथात नाव असणं हे तपासणी सुरू करण्याचं कारण आहे. तपासणी टाळण्याचं नव्हे.

याच बाबतीत आम्हाला या गावाचा अभिमान आहे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. त्या काळात योगाबद्दल एका बाजूला अंधश्रद्धा होती आणि दुसऱ्या बाजूला टिंगल. त्यांनी उड्डियान आणि नौली या योगक्रिया करणाऱ्या माणसाला क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं, दाब मोजले, आकडे लिहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून ते छापले. काय टिकतं आणि काय टिकत नाही हे मोजून ठरवायचं, ही रीत या गावाला शंभर वर्षं माहीत आहे. आम्ही या झाडासाठी नेमकी तीच रीत मागतो आहोत.

मग अडलं कुठे? बहुतेकांना वाटतं, कायद्यात. कायदा उघडून पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे आपण ज्याला एनडीपीएस म्हणतो तो, आपल्या कलम ८ मध्ये गांजाला मनाई करतानाच वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांचा अपवाद ठेवतो. कलम १० राज्य सरकारला चरस वगळता कॅनाबिसची लागवड, साठा, वाहतूक, विक्री आणि वापर यांचं नियमन करण्याचा अधिकार देतं. बी आणि पानं शेंड्यांशिवाय असतील तर ती गांजाच्या व्याख्येतच येत नाहीत. दार आहे. त्याला कडीही आतून लावलेली नाही. पण ते उघडण्यासाठी जे नियम लागतात, कोणत्या रुग्णाला, कोणत्या डॉक्टरने, कोणत्या मात्रेत, कोणत्या दुकानातून, ते कुणी लिहिलेले नाहीत. दरम्यान एखाद्या दुखणेकऱ्याकडे चार ग्रॅम गांजा सापडला तर कायद्याच्या लेखी ते ‘अल्प प्रमाण’ असलं तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायद्यात वाव असूनही औषध न मिळणं हे आधीही घडलं आहे, आणि त्याची किंमत कर्करोगाच्या रुग्णांनी मोजली आहे. मॉर्फिनची गोष्ट सगळ्यांना माहीत व्हायला हवी म्हणून आम्ही ती इथे सविस्तर सांगतो. १९८५ च्या कायद्याने मॉर्फिनवर बंदी घातली नव्हती. वैद्यकीय वापराला त्यातही जागा होती. पण नियम राज्याराज्यांचे वेगळे झाले. ठेवायला एक परवाना, वाहून न्यायला दुसरा, विकायला तिसरा. परवाने देणारी खाती वेगवेगळी. एकाची मुदत संपत आली तरी दुसरा हातात पडत नसे. त्यावर कायद्यातल्या जबर शिक्षेची दहशत. रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी हात झटकले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. भारत तेव्हाही सरकारी परवान्याने अफू पिकवून जगाला पुरवत होता. आपल्या शेतातल्या अफूचं औषध परक्या देशांतल्या रुग्णांचं दुखणं शमवत होतं आणि इथला रुग्ण घरात ओरडत मरत होता. डॉक्टरांची एक आख्खी पिढी मॉर्फिन लिहायला न शिकताच बाहेर पडली.

हे बदललं ते आपोआप नाही. स्तनाच्या कर्करोगाने तळमळणाऱ्या आईसाठी मॉर्फिन मिळवता न आलेला एक औषधशास्त्रज्ञ मुलगा दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि १९९८ मध्ये न्यायालयाने मॉर्फिनचा पुरवठा सुरळीत करण्याचे आदेश दिले. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी घरोघर वेदनाशमन पोचवणारी चळवळ उभी केली. आपल्याकडे पुण्यातल्या वारज्यात १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र कर्करोगाच्या रुग्णांना मोफत सांभाळत आलं आहे. २००७ मध्ये वेदनाशमन क्षेत्रातल्या डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला, ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ हा नवा वर्ग आणला आणि अनेक परवान्यांच्या जागी एक परवाना केला. एकोणतीस वर्षं लागली. त्या एकोणतीस वर्षांत जे तळमळत गेले त्यांना कुठल्याही दुरुस्तीचा उपयोग नाही. कॅनाबिसच्या बाबतीत आणखी एक पिढी तशीच घालवायला आम्ही तयार नाही.

२ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगापुढे एक प्रस्ताव आला : १९६१ च्या करारातल्या सर्वांत घातक पदार्थांच्या चौथ्या यादीतून कॅनाबिस काढावं. २७ देश बाजूने, २५ विरोधात, एक तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं. म्हणजे या झाडाला औषधी मूल्य आहे हे आपल्या सरकारने जगापुढे मान्य केलं आहे. जम्मूजवळ चाठा इथे केंद्र सरकारचीच एक प्रयोगशाळा संशोधनासाठी कॅनाबिस वाढवते आहे. उत्तराखंडने औद्योगिक भांगेच्या लागवडीचे परवाने दिले, हिमाचल नियंत्रित लागवडीच्या दिशेने पावलं टाकतो आहे. महाराष्ट्र, ज्याच्याकडे परळचं टाटा रुग्णालय आहे, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, ससून आहे, आयुर्वेदाची जुनी महाविद्यालयं आहेत, तो या विषयावर गप्प आहे.

गप्प राहिल्याने वापर थांबलेला नाही. तो अर्धवट उजेडात चालला आहे. आमच्यातल्या एकाने मागवलेली बाटली बैठकीत सगळ्यांनी हाताळून पाहिली. तीस मिलिलिटरची गडद काच, रबरी ड्रॉपर, झाडाच्या पानाचं चित्र, किंमत काही हजार रुपये. त्यावर ‘विजया’ (म्हणजे भांग) अर्क इतके मिलिग्रॅम असं लिहिलेलं होतं. त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, हे नव्हतं. सावधगिरीची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत होती, कारण औषध नियमांनुसार त्या दोनच भाषा बंधनकारक आहेत. मराठी एक ओळ नाही. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे फोनवरच्या पाच मिनिटांच्या बोलण्यानंतर आलेली पीडीएफ. त्या फोनवर रुग्णाला मेथोट्रेक्सेटबद्दल कुणी विचारलं नाही. सीबीडीची मोठी मात्रा यकृताची एन्झाइम्स वाढवू शकते आणि मेथोट्रेक्सेटही यकृतावर भार टाकतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची रक्तातली पातळीही सीबीडी वाढवू शकतं. हे विचारायला नको? आणि वर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार, जो महाराष्ट्रात आजही लागू आहे, भांगेलाही परवाना लागतो. मग कुरियरने आलेली अशी बाटली घरात ठेवणाऱ्या आजीबाईंनी स्वतःला रुग्ण समजायचं की आरोपी? त्यांना याचं उत्तर देणारा कुणी माणूस सरकारात नाही.

संकोचाबद्दलही बोललं पाहिजे. आमच्यातल्या एकीने मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला धीर करून विचारलं, तर ते म्हणाले, ‘या वयात नशा करायची आहे का?’ तिने पुन्हा विषय काढला नाही. घरी सांगावं तर सासरकडच्यांच्या डोळ्यांत ‘गंजेडी’ हा शब्द आधी उमटतो. अफूपासून बनलेलं कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आपण पोराबाळांच्या घरात वर्षानुवर्षं ठेवलं, तेव्हा कुणी कुणाला अफूबाज म्हटलं नाही.

शेतकऱ्याचा विषयही याला जोडलेला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला : कुठल्याच पिकाला भाव नाही, शेती तोट्यात गेली, गांजाला भाव आहे, तर दोन एकरांत गांजा लावायला परवानगी द्या. उत्तर आलं नाही तर परवानगी गृहीत धरीन, असंही त्याने लिहिलं. बातमी झाली, लोक हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मात्र सरसकट लागवड खुली करा ही आमची मागणी नाही. औषधासाठीचं पीक म्हणजे निवडलेलं बियाणं, कीटकनाशकांचे अंश आणि जड धातू तपासलेला माल, मोजलेलं टीएचसी, कुंपण आणि हिशेब. हे राज्याच्या कृषी विद्यापीठांच्या देखरेखीखाली मोजक्या शेतकऱ्यांबरोबर सुरू होऊ शकतं. पण आधी रुग्णाची वाट मोकळी व्हावी. उद्योगाची घाई पुढे आणि रुग्ण मागे, हे आम्ही होऊ देणार नाही.

म्हणून राज्य सरकारकडे आमची मागणी अशी. अन्न व औषध प्रशासन, राज्य उत्पादन शुल्क विभाग, गृह आणि सार्वजनिक आरोग्य या खात्यांनी एकत्र बसून वैद्यकीय कॅनाबिसचे एकच नियम करावेत, आणि ते मराठीत प्रसिद्ध करावेत. मॉर्फिनसारखी परवान्यांची माळ नको. संधिवाततज्ज्ञ, वेदनातज्ज्ञ, मज्जातंतुतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि प्रशिक्षित आयुर्वेद चिकित्सक यांना ठरावीक आजारांसाठी, नेहमीचे उपचार अपुरे पडल्याची नोंद करून, हे औषध लिहिता यावं. प्रत्येक बाटलीवर टीएचसी आणि सीबीडी मिलिग्रॅममध्ये, तपासणीची तारीख आणि मराठीतली सूचना असावी. चिठ्ठी आणि पावती जवळ असलेल्या रुग्णाला नाक्यावर अडवलं तर ती कागदपत्रं पुरेशी मानली जावीत. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस यासाठी बाह्यरुग्ण विभाग असावा, कारण लोणावळा लोकलने शिवाजीनगरला उतरणाऱ्या बाईला खासगी दवाखान्याची फी आणि हजारोंची बाटली दोन्ही परवडत नाही. ज्या औषधांना केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी लागते, त्यांच्यासाठी राज्याने दिल्लीत पाठपुरावा करावा. आणि इथेच, आपल्या रुग्णांवर, चाचण्या व्हाव्यात. भात-भाकरी खाणाऱ्या, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या, दमट हवेत राहणाऱ्या मावळातल्या बाईला किती मात्रा लागते, हे ब्रिटनमधल्या ५८ जणांवरून कळणार नाही. निष्कर्ष आमच्याविरुद्ध गेला, उपयोग होत नाही असं निघालं, तर आम्ही तोही याच गावात जाहीर वाचून दाखवू.

आम्ही स्वतःवरही काही बंधनं घालून घेत आहोत, आणि ती सरकारच्या नियमांची वाट पाहणार नाहीत. आमच्या बैठकीत कुणी काही ओढणार नाही, विकणार नाही, कुठून मिळतं ते सांगणार नाही. धूर हे औषध देण्याचं साधन म्हणून आम्हाला मान्य नाही. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना, ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नात्यात मनोविकृतीचा आजार झाला आहे त्यांना, आम्ही या वाटेपासून दूर राहायला सांगू. हे झाड काहींच्या मनावर कायमचा आघात करू शकतं आणि सवयही लावतं, हे लपवणारा आमचा मित्र नाही. टीएचसी असलेलं औषध घेऊन कुणी गाडी चालवणार नाही, मग ती घाटात असो की गल्लीत. कुठल्याही कंपनीकडून, ती आयुर्वेदाची असो वा परदेशी, आम्ही पैसे, नमुने किंवा प्रवासखर्च घेणार नाही. आणि मूळ आजाराचं औषध बंद करा असा सल्ला देणाऱ्याला बैठकीतून उठवलं जाईल.

डॉक्टरांना आमची विनंती आहे की रुग्णाने विचारलं तर त्याला झिडकारू नका. ‘मला माहिती नाही, वाचून सांगतो’ एवढं म्हणालात तरी तो तुमच्यापासून काही लपवणार नाही. त्याने काय घेतलं आहे हे तुम्हाला कळलं तर तुम्ही त्याचं यकृत वाचवू शकाल. पोलिसांनाही विनंती आहे. तुमचा आणि आमचा शत्रू एकच आहे : अंधारातला विक्रेता. रुग्ण दुकानात गेला तर त्याचं एक गिऱ्हाईक कमी होईल.

ज्यांना या चळवळीत यायचं आहे त्यांनी तुंगार्लीतल्या बैठकीला यावं. येताना आपली जुनी फाइल आणावी, चालू औषधांची यादी आणावी, यकृत आणि मूत्रपिंडाचा शेवटचा रिपोर्ट आणावा. रोज सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागला आणि रात्री किती वेळा जाग आली हे एका वहीत लिहायला आजपासून सुरुवात करावी. मंत्रालयात जाताना आम्ही याच वह्या घेऊन जाणार आहोत. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी आधी निरोप द्यावा, आपण तळमजल्यावर बसू. घरच्यांना बरोबर आणावं, विशेषतः ज्यांना हे पटलेलं नाही त्यांना. कुणीही कुठली बाटली किंवा पुडी घेऊन येऊ नये. आणि मेथोट्रेक्सेटच्या आठवड्याच्या गोळीचा वार बैठकीच्या दिवशी येत असेल तर गोळी घेऊनच घराबाहेर पडावं.